स्थूल अर्थशास्त्राचे पहिले धडे आले कुठून?



गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच विषय सुचवला. कुणाची नात महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला आहे आणि स्थूल अर्थशास्त्राचा पेपर ऑनलाइन करते आहे. कुणी निवृत्तीनंतर हौसेनं स्वतःच नाव नोंदवलं आहे. तक्रार मात्र सगळ्यांची सारखी. व्हिडिओ समजतो, आकृती समजते, प्रश्नमंजूषेत गुणही मिळतात, पण हे सगळं असंच का, ते कुणी सांगत नाही.

आम्ही तत्त्वज्ञानाचे. अर्थशास्त्र शिकवण्याचा आमचा अधिकार नाही आणि शिकवणारे पुष्कळ आहेत. पण 'हे असंच का' हा प्रश्न आमच्या अंगणातला आहे, म्हणून आज त्याबद्दल बोलू. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. या अभ्यासक्रमाच्या पहिल्या चार-पाच आठवड्यांत जे शिकवलं जातं, ती प्रत्येक गोष्ट कुणीतरी, कुठल्यातरी गावी, कुठल्यातरी अडचणीला दिलेलं उत्तर आहे. पाठ्यपुस्तकात ते उत्तर छापताना गाव आणि साल गळून पडतं. पडद्यावर तर प्रश्नच गळतो; चार पर्याय आणि हिरवी खूण तेवढी राहते.

साधारण क्रम तुम्हाला ठाऊक आहे. आधी उत्पन्नाचा चक्राकार प्रवाह: कुटुंबं, उद्योगसंस्था, मधले बाण. मग राष्ट्रीय उत्पन्नाची बेरीज: उपभोग अधिक गुंतवणूक अधिक सरकारी खर्च अधिक निव्वळ निर्यात. मग उपभोग प्रवृत्ती आणि गुणक. सरकारनं १०० रुपये खर्च केले, मिळणाऱ्यानं त्यातले ८० खर्चले, पुढच्यानं ६४, असं करत शेवटी उत्पन्न ५०० रुपयांनी वाढलं. दहा मिनिटांचा व्हिडिओ, पाच प्रश्न, पुढचा आठवडा.

आता मागे जाऊ. १९४५ साल. अमेरिकेतली एमआयटी ही अभियंते घडवणारी संस्था. तिथल्या सुमारे ८०० विद्यार्थ्यांना वर्षभर अर्थशास्त्र सक्तीचं होतं आणि ते त्या विषयाला कंटाळलेले होते. विभागप्रमुखांनी पॉल सॅम्युअलसन या तिशीच्या प्राध्यापकाला गळ घातली, की या मुलांना आवडेल असं एक पुस्तक लिही. ते पुस्तक १९४८ मध्ये आलं. नाव साधंच, 'इकॉनॉमिक्स'. पुढे त्याच्या १९ आवृत्त्या निघाल्या, चाळीसच्या वर भाषांत ते गेलं. आज जगातल्या बहुतेक प्राथमिक अभ्यासक्रमांचा सांगाडा त्या पुस्तकाशी नातं सांगतो. तुमच्या पडद्यावरची ती ४५ अंशांची रेषाही तिथूनच घरोघर पोहोचली.

पण सॅम्युअलसनच्या एक वर्ष आधी दुसरं एक पुस्तक आलं होतं. त्याची गोष्ट अभ्यासक्रमात नसते, आणि आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते.

लॉरी टार्शिस हे कॅनडाचे. १९३२ ते १९३५ या काळात ते केंब्रिजला केन्सच्या वर्गात बसत होते. जॉन मेनार्ड केन्सचा 'जनरल थिअरी' हा ग्रंथ आला १९३६ मध्ये. म्हणजे ग्रंथ घडत असताना हा विद्यार्थी समोर बसून टिपणं घेत होता. ती टिपणं आजही उपलब्ध आहेत. बाहेर महामंदी. कारखाने आहेत, कामगार आहेत, कच्चा माल आहे, आणि तरी काम बंद. तोवरचं अर्थशास्त्र सांगत होतं की मजुरी आणि किमती उतरू द्या, सगळं आपोआप जागेवर येईल. येत नव्हतं. केन्सनं सांगितलं की एकूण मागणीच अपुरी पडली तर अर्थव्यवस्था बेकारीतच मुक्काम ठोकू शकते.

टार्शिस पुढे स्टॅनफर्डला शिकवू लागले आणि १९४७ मध्ये त्यांनी हे नवं शिकवणारं पाठ्यपुस्तक काढलं. सुरुवातीला अनेक महाविद्यालयांनी ते लावलं. मग मर्विन हार्ट यांच्या नॅशनल इकॉनॉमिक कौन्सिल नावाच्या संघटनेनं मोहीम उघडली. रोज वाइल्डर लेन यांनी (मुलांच्या 'लिटल हाउस' पुस्तकांच्या लेखिकेची ही कन्या) त्यावर जहाल परीक्षण लिहिलं. हे अर्थशास्त्र नसून प्रचार आहे, असा त्याचा सूर होता. ते परीक्षण विद्यापीठांच्या विश्वस्तांकडे धाडण्यात आलं. लावलेलं पुस्तक रद्द होऊ लागलं. सॅम्युअलसनच्या मसुद्यावरही एमआयटीच्या कारभारी मंडळातल्या काही उद्योजकांनी आक्षेप घेतले, पण तिथे संस्थेचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन प्राध्यापकाच्या मागे उभे राहिले. शिवाय सॅम्युअलसन सावध लेखक. वाक्य असं बांधायचं की विरोधकाला पकड मिळू नये. त्यांच्या पुस्तकाचा तो तटस्थ, शास्त्रीय, आकृत्यांचा चेहरा काही अंशी त्या दबावातून आलेला आहे.

तो शांत स्वर आज आपल्याला विषयाचा स्वभाव वाटतो. मुळात तो वादळातून नाव काढण्यासाठी घेतलेला पवित्रा होता. आणि शांत स्वरातलं सगळं बरोबर असतं असंही नाही, बरं का! याच पुस्तकाच्या १९६१ च्या आवृत्तीत एक आलेख होता: सोव्हिएत संघाचं उत्पन्न १९८४ ते १९९७ च्या दरम्यान अमेरिकेला गाठू शकेल. १९८० च्या आवृत्तीत तो मुहूर्त २००२ ते २०१२ असा पुढे सरकला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही.

बरं, आता त्या विचाराच्या गाभ्याकडे येऊ, कारण तो खरोखर सुंदर आहे आणि तो आमच्या विषयातला आहे. एसटी स्टँडवर गाडी लागली की एक हुशार गडी खिडकीतून रुमाल टाकतो आणि जागा धरतो. त्याचं काम झालं. पण चाळीस जणांनी रुमाल टाकले तर? जागा होत्या तेवढ्याच राहतात, वर भांडणं. एकाला लागू पडणारी गोष्ट सगळ्यांना मिळून लागू पडेलच असं नाही. ॲरिस्टॉटलनं तर्कदोषांच्या यादीत ही चूक नोंदवली आहे. आपल्याकडे नैयायिकांनी 'अवयव' आणि 'अवयवी' यांवर बौद्धांशी शतकानुशतकं वाद घातला: वस्त्र म्हणजे फक्त धाग्यांची बेरीज, की वस्त्र ही धाग्यांहून वेगळी वस्तू? स्थूल अर्थशास्त्र या वादात नैयायिकांच्या बाजूचं आहे. अर्थव्यवस्थेचे स्वतःचे असे काही गुण असतात, ते एकेका घराचा जमाखर्च जोडून सापडत नाहीत, ही त्याची पहिली श्रद्धा.

तिथेच विद्यार्थी अडखळतो. अडखळायलाच हवं! लहानपणापासून त्यानं 'थेंबे थेंबे तळे साचे' ऐकलेलं असतं, आणि तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ सांगतो की मंदीत सगळ्यांनीच बचत वाढवली तर तळं आटतं. माझा खर्च हे तुमचं उत्पन्न. मी हात आखडला की तुमचं उत्पन्न घटलं, मग तुमची बचत घटली, आणि शेवटी सगळ्यांची मिळून बचत वाढलीच नाही. याला काटकसरीचा विरोधाभास म्हणतात. आजीनं शिकवलेलं खोटं नव्हतं. ते घरासाठी होतं. देश हे मोठं घर नव्हे, एवढंच केन्सचं म्हणणं. अर्थसंकल्पाच्या दिवशी दरवर्षी कुणीतरी सरकारच्या तिजोरीची तुलना गृहिणीच्या पाकिटाशी करतंच, तेव्हा हे आठवून बघा.

तळ्याचं नाव निघालं म्हणून एक यंत्र सांगतो. बिल फिलिप्स हे न्यूझीलंडचे विद्युत अभियंता. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं काढली, तिथे लपून रेडिओ बनवला. युद्धानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकायला आले आणि केन्सच्या समीकरणांपाशी अडकले. त्यांना समीकरणापेक्षा नळ्या आणि झडपा जवळच्या. मग क्रॉयडनला घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये त्यांनी पारदर्शक टाक्यांचं, पुरुषभर उंचीचं एक यंत्र उभारलं. वरून उत्पन्नाचं रंगीत पाणी सुटतं, एक फाटा कराला जातो, एक बचतीला, एक आयातीला. गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निर्यात यांचं पाणी पुन्हा मूळ धारेत येतं, आणि खालून पंप ते परत वर चढवतो. नोव्हेंबर १९४९ मध्ये फिलिप्सनी ते प्राध्यापकांसमोर चालवून दाखवलं. मजा बघायला आलेले लोक पाहतच राहिले. नंतर अशी डझनभर यंत्रं बनली. एक लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. जेम्स मीड हे अर्थशास्त्रज्ञ वर्गात एका विद्यार्थ्याला अर्थमंत्री करून कराची झडप द्यायचे, दुसऱ्याला बँकेचा गव्हर्नर करून व्याजाची. दोघांनी एकमेकांशी न बोलता झडपा फिरवल्या की पाण्याची पातळी हेलकावे खाऊ लागायची. धोरणांचा मेळ का लागतो, हे पोरांना जन्मभर लक्षात राहत असणार.

आज ऑनलाइन अभ्यासक्रमात करदराची पट्टी बोटानं सरकवली की आलेख हलतो, ती सोय या यंत्राच्या वंशातलीच. फरक इतकाच, की यंत्रात पाणी खरोखर सांडायचं, आणि सांडलं की विद्यार्थी विचारायचे: हे गेलं कुठे?

हाच प्रश्न मुंबईत दादाभाई नौरोजींनी फिलिप्सच्या यंत्राआधी सुमारे पाऊण शतक विचारला होता.

दादाभाई एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८७६ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. त्यात त्यांनी प्रांतवार शेतीचं उत्पादन मोजलं, त्यात इतर उत्पादन मिळवलं आणि माणशी वार्षिक उत्पन्न काढलं: सुमारे २० रुपये. मग शेजारी तुरुंगातल्या कैद्याला पोसण्याचा खर्च ठेवला. तो जास्त होता. म्हणजे सरासरी हिंदी माणसाला कैद्याइतकंही मिळत नव्हतं. अभ्यासक्रमातल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्यात सायमन कुझनेट्स भेटतात, आणि ते रास्तच आहे. १९३४ मध्ये त्यांनी अमेरिकी सिनेटला दिलेल्या अहवालानं मंदीत उत्पन्न निम्म्याच्या आसपास आलं हे आकड्यांनी दाखवलं. गृहिणींचं काम त्या बेरजेत धरलेलं नाही, आणि या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण ठरवू नका, हेही त्यांनीच तिथे सांगून ठेवलं. पण त्यांच्या हातातलं मोजमाप निराळ्या हेतूनं दादाभाईंनी ५८ वर्षं आधी केलं होतं. कुझनेट्सना थांबलेलं यंत्र मोजायचं होतं. दादाभाईंना गळणारं.

आता सूत्र पुन्हा समोर घ्या. निर्यात आयातीहून जास्त असेल तर निव्वळ निर्यात धन, आणि ती उत्पन्नात भर घालते. प्रश्नमंजूषेत हेच उत्तर बरोबर धरतात. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा सातत्यानं जास्त होती: कापूस, ताग, गहू, अफू. सूत्राप्रमाणे देश भरभराटीला यायला हवा. दादाभाई म्हणतात, उलट झालं. कसं? परदेशी व्यापाऱ्याला हिंदी मालाचे पैसे द्यायचे असत, तेव्हा तो लंडनमध्ये भारतमंत्र्यांकडे पौंड भरून 'कौन्सिल बिल' विकत घेई. ते बिल इथे सरकारी खजिन्यात दाखवलं की रुपये मिळत. ते रुपये कुठले? रयतेकडून वसूल केलेल्या महसुलातले. पौंड लंडनलाच राहिले, तिथल्या 'होम चार्जेस'साठी, म्हणजे निवृत्तिवेतनं, कर्जावरचं व्याज, लष्कराचा खर्च. शेतकऱ्याला कापसाचे पैसे मिळाले खरे, पण ते त्याच्याच भाऊबंदांच्या सारावसुलीतून. निर्यातीनं जे धारेत आलं असं दिसतं ते आधीच धारेतून काढून घेतलेलं होतं. याला आपण शाळेत 'आर्थिक निःसारण' म्हणून दोन गुणांसाठी पाठ केलं. ते इतिहासाच्या पुस्तकात राहिलं आणि निव्वळ निर्यात अर्थशास्त्राच्या. दोन्ही पुस्तकं एकाच दप्तरात होती!

आणि गंमत बघा. केन्सची पहिली नोकरी लंडनच्या इंडिया ऑफिसात, १९०६ ते १९०८. त्यांचं पहिलं पुस्तक १९१३ चं, हिंदुस्थानच्या चलनावर. त्यात या कौन्सिल बिलांच्या व्यवस्थेचा तपशील आहे. केन्सना ती व्यवस्था कारागिरी म्हणून आवडली. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये केन्सचं नाव घेऊन प्रतिवाद केला. स्थूल अर्थशास्त्राचा जनक आणि आपली राज्यघटना घडवणारे, दोघे रुपयावर भांडले आहेत. हे कुठल्या व्हिडिओत येत नाही.

आणखी एक जण. विजयेंद्र कस्तुरी रंग वरदराज राव. केंब्रिजला शिकले, ब्रिटिश हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावर संशोधन केलं. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, महालनोबिस अध्यक्ष, आणि सदस्य दोन: हे राव आणि आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. स्वतंत्र देशाची ही पहिली अधिकृत बेरीज. त्याच रावांनी १९५२ मध्ये लेख लिहून सांगितलं की केन्सचा गुणक आपल्याकडे तसा चालत नाही. का? मंदीतल्या इंग्लंडात यंत्रं बंद पडून होती आणि मजूर दारात उभे होते. मागणी आली की उत्पादन सुरू. आपल्याकडे बंद यंत्रंच नाहीत. बेकार माणूस दारात उभा नाही, तो घरच्याच शेतात चौघांचं काम सहांनी करताना लपलेला आहे. त्याच्या हातात जास्त पैसा आला तर तो आधी पोटभर खाईल, बाजारात येणारं धान्य कमी होईल आणि महागाई वाढेल. १०० चे ५०० होतील, पण भावात. धान्याच्या पोत्यांत नाही.

अशी शंका पुण्यात नवी नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजमधल्या व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता, की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले सिद्धांत सार्वकालिक सत्य म्हणून इथे लादू नयेत.

म्हणून केन्स टाकून द्यायचा का? मुळीच नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यानं रोजगार हमीची कामं काढली; १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो १९७९ पासून अमलात आला. त्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, तो पगाराच्या पावतीवर अजून कापला जातो. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचं, तो त्यातलं थोडं शिल्लक टाकणार होता; आणि रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाईला द्यायचं, ती सगळं खर्च करणार. सहाव्या आठवड्यात 'समतोल अंदाजपत्रकाचा गुणक' नावाची रुक्ष गोष्ट येते ना, ती ही. वि. स. पागे यांनी ही योजना रेटली ती गरज ओळखून. पाठ्यपुस्तक उघडून नव्हे.

आता पडद्याविषयी. आम्ही ऑनलाइन शिक्षणाच्या विरोधात नाही. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९७१ मध्ये बीबीसीवरून शिकवू लागलं, आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं, स्वयम् २०१७ चं. नोकरी सांभाळून, मूल झोपल्यावर रात्री अकराला शिकणाऱ्या माणसाला वर्गाची महती सांगणं हा उद्धटपणा आहे. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. २ नोव्हेंबर २०११ रोजी हार्वर्डमध्ये ग्रेगरी मॅनकिव यांच्या प्राथमिक अर्थशास्त्राच्या तासाला सुमारे ७० विद्यार्थी उठून बाहेर गेले. २००८ च्या आर्थिक संकटानंतरही आम्हाला एकाच बाजूचं शिकवलं जातं, हा त्यांचा आक्षेप. मॅनकिव यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून त्यांना उत्तर दिलं. कोण बरोबर होतं हा मुद्दा सोडा. ते उठले हे सगळ्यांना दिसलं, आणि प्राध्यापकाला उत्तर द्यावं लागलं. पडद्यासमोर बसलेल्यानं टॅब बंद केला तर तो फक्त 'अपूर्ण' म्हणून नोंदला जातो. पुढे काही अर्थशास्त्रज्ञांनी 'कोअर' नावाचं मोफत ऑनलाइन पाठ्यपुस्तक तयार केलं, त्याची सुरुवात सूत्रानं न होता इतिहासानं आणि विषमतेनं होते. म्हणजे दोष माध्यमाचा नाही. सूत्राच्या आधी प्रसंग सांगायला पाच मिनिटं जास्त लागतात, ती द्यायची की नाही, एवढाच निर्णय आहे.

तोवर आमची एक सूचना. वही ठेवा, कागदाची. प्रत्येक धड्याच्या समासात साल आणि गाव लिहा. एकूण मागणी: १९३६, केंब्रिज. राष्ट्रीय उत्पन्न: १९३४, वॉशिंग्टन, आणि १८७६, मुंबई. गुणकासमोर १९५२ आणि राव.

एका श्रोत्यांनी कालच चिठ्ठी पाठवली आहे: हे सगळं ठीक, पण मुलीनं परीक्षेत टिक काय करायचं? पुस्तकातलं उत्तरच करायचं, गुण घ्यायचे, पदवी घ्यायची. मात्र अभ्यासक्रमात जिथे दोनशे शब्दांचं लेखी उत्तर मागतात तिथे तिला कौन्सिल बिलं लिहायला सांगा. तपासणाऱ्याला ती माहीत नसली तर त्याचाही फायदा होईल.

केन्स आणि आंबेडकर यांच्यातला रुपयाचा वाद आज धावता सांगितला. पुढचं व्याख्यान त्यावरच ठेवलं आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.